डालग्याखालची कोंबडी

मलकापूरच्या आमच्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात दुपारचे चार वाजले की कीर्ती नावाची पोरगी पेटी घेऊन येती. पेटीत ते डोळ्याला बांधायचं डबडं असतंय आन वासाच्या बाटल्या. डबडं बांधलं की म्हनं मानूस पायजे तितं जाऊन येतंय, आन बाटली हुंगली की मन शांत हुतंय. मला तिनं बर्फाचा डोंगर दावला आन लव्हेंडर का काय ते हुंगवलं. संडास धुतल्यागत वास. मी म्हनले, बाई, मी उंब्रजची, मला ह्या वयात बर्फात कशाला ढकलतीस? तर म्हनली, "हौसाआज्जी, तुमच्या घरचा व्हिडिओ कुणी पाठवलाच नाही." माझ्या पुतन्याला तीनदा फोन केलता तिनं. मेल्यानं उचलला न्हाई.

शेजारच्या खाटेवरच्या अंजनीला मातुर कुंडलचं आख्खं घर. तिच्या धाकट्या पोरानं, धैर्यशीलनं, फुडच्या सोप्यात मधोमध आश्रमाचा कॅमेरा ठिवून चारी बाजूंचं शूटिंग करून दिलेलं. वर बाटलीतनं गुळाच्या काहिलीचा वास. डबडं बांधून अंजनी खाटेवर बसायची आन हासायची. "पावनी आल्यात बघ. सोपा भरलाय." फिलिमला आवाज न्हवता, कीर्ती वरनं बासरी लावायची. अंजनीच्या दोनी डोळ्यांत मोतीबिंदू, सगळं गढूळ दिसायचं, पर तेवढ्यावर तिचं भागायचं. तीच फिलिम रोज लागती हे बी तिच्या ध्यानात न्हाई. तिला वाटायचं, घरात आत्ता चाललंय ते दिसतंय. कीर्ती मला म्हनायची, असू द्या, आनंदात आहेत ना.

कोपऱ्यात एक बांबूचं डालगं पालथं घातलेलं दिसायचं तिला. "माझ्या थोरल्या सुनेनं, दीपमालानं, कोंबडी बसवलीया अंड्यांवर. लय गुनाची हाय." मग बोटं मोजायची. एकविसाव्या दिशी पिल्लं निघनार, आन तवर थोरला शंभूराज येनार. शंभूराज फौजेतनं सुटून नागपूरला कंपनीत सिक्युरिटीला लागलेला. वरीस भरलं की तुला घरी नेतो, असा शब्द दिलता त्यानं. त्या एका शब्दावर बाई जगत हुती. गेल्या महिन्यापास्नं त्येचा फोन लागत न्हवता. धैर्यशील म्हनायचा, दादाकडं रेंज न्हाई.

फिलिम लागल्यापास्नं अठराव्या दिशी अंजनीनं पिशवी भरून खाटेखाली ठिवली. आन आपनहून म्हनती कशी, "तीन दिस ऱ्हायले गं हौसा. मला न्यायला मानूस हाय. तुला कोन न्हेनार?"

तिच्या मनात काय नसंल बी. पर माझ्या काळजाला लागलं ते.

तेवढ्यात कीर्तीचा फोन वाजला आन ती बाहीर गेली. अंजनीनं डबडं सोडून माझ्या हातात दिलं. "बघ की माझं घर. तुझं डोळं चांगलं हायत." मी बांधलं. गुळाचा वास नाकात, बासरी कानात. सोपा खरंच मानसांनी भरलेला. बापयांच्या दाढ्या वाढलेल्या, बाया तोंडाला पदर लावून. भितीला टेकून एक बाई बसलेली, कपाळ मोकळं, हात मोकळं. आन कोपऱ्यात ते डालगं. त्येच्या कडंनं दिव्याचा उजेड येत हुता. खाली पीठ पसरलेलं.

कोंबडीखाली कोन दिवा लावतंय का?

आपल्यात मानूस गेलं की पीठ पसरून दिवा ठिवत्यात, वर डालगं झाकत्यात, आन पिठात कुनाचं पाऊल उठलंय ते बघत्यात. म्हंजी गेलेला कुठल्या जल्माला गेला ते कळतंय. धैर्यशीलला आश्रमाचा कॅमेरा चार दिसांत परत द्यायचा हुता. घरात मानसं जमलेली, तवाच उरकून टाकलं त्यानं. आवाज तेवढा काढला. आईला काय दिसतंय, म्हनला असंल.

मी डबडं काढलं. गप बसायला पायजे हुतं. तीन दिसानी काय व्हायचं ते झालं असतं, माझ्या तोंडनं झालं नसतं. पर "तुला कोन न्हेनार" ते आतनं टोचत हुतं.

"अंजने, कोंबडी न्हाई ती. खाली दिवा हाय. पीठ हाय."

तिनं बारीक आवाजात इचारलं, "दीपीच्या कपाळाला कुकू हाय का?"

हाय म्हनायला मला काय धाड भरलीती? मी म्हनले, "न्हाई."

ती रडली न्हाई. उठली, भितीला धरत धरत मोरीकडं गेली. "सुतक हाय मला," म्हनली. "पानी घाल माझ्या डोक्यावर." लुगड्यासकट पाटावर बसली. गरम पानी सकाळीच संपलेलं. मी गारच तांब्या वतला. ती जागची हललीसुदिक न्हाई.

"अठरा दिस मी माझ्या लेकराच्या दिव्याफुडं हासत बसले," ती म्हनली.

मी दुसरा तांब्या भरला. तिनं तोंड वर केलं. पानी निथळत हुतं आन ते गढूळ डोळं माझ्यावर.

"हौसा, सांगताना तुला बरं वाटलं का गं?"

खोटं कशाला बोलू. वाटलं हुतं. घटकाभर लय बरं वाटलं हुतं. तिला म्हनले, "डोळं मीट," आन तांब्या वतला.