कान दाखवून मिळालेलं सर्टिफिकेट

माझी नात दीपमाला पुण्याच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. तिथं वरची जागा रिकामी झाली, पण नव्या साहेबांनी अट घातली: ज्या कंपनीचं क्लाउड आपण वापरतो, तिचं सर्टिफिकेट आठ दिवसांत दाखव, नाहीतर जागा दुसऱ्याला. आज शेवटचा दिवस होता. परीक्षेला खोलीत दुसरं कुणी चालत नाही आणि पुण्याच्या खोलीत तिघी राहतात. म्हणून ती गावी, तेरला आमच्या घरी आली होती.

“रोज तेच काम करतीस, मग कागद कशाला?” मी विचारलं.

“काम येतं हे मला माहितीय आज्जी, नव्या साहेबांना कसं कळणार? आणि खरं सांगू? अभ्यासाला बसले तेव्हा कळलं, निम्मं तर मी अंदाजानंच करत होते.”

परीक्षा लॅपटॉपवर. कुठल्यातरी परमुलखात बसलेला माणूस कॅमेऱ्यातून पहारा देणार. खोलीत कुणी डोकावलं, नुसता दुसऱ्याचा आवाज आला, तरी परीक्षा रद्द. दार लावण्याआधी मी बघितलं, पोरीनं सगळी खोली फिरवून दाखवली, मग कानात यंत्र लपवलं नाही हे कळावं म्हणून केस मागं सारून दोन्ही कान, मग बाह्या वर करून मनगटं. मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी अंबाडा सोडायला लावला होता, केस खरे आहेत का म्हणून. वर सुईत दोरा ओवून घेतला. या माणसानं सुई तेवढी मागितली नाही.

मी दार ओढून बाहेर उंबऱ्याशी बसले, तर समोरच्या घरातली गजराबाई ताटात कुंकू आणि नारळ घेऊन हजर. तिनं तिच्या खिडकीतून दीपमालाला कान दाखवताना पाहिलं होतं. कुणाच्या पोरीला बघायला आले की नवरदेवावर नजर टाकल्याशिवाय तिला जेवण जात नाही.

“अक्का, पोरीला बघायलेत अन् आमाला सांगितलं न्हाय?”

तिचं कुजबुजणं तेरणा नदीच्या पलीकडं ऐकू जातं. मी ओठावर बोट ठेवलं, हात जोडले, पदर धरून तिला खाली बसवलं. ती गोंधळली. मग तिनं स्वतःच्या तोंडाकडं बोट दाखवून हात हलवला. मुलगा मुका आहे का?

ती गप्प बसेल या आशेनं मी मान डोलावली.

गजराबाईचे डोळे भरून आले. नारळ पोटाशी धरून ती जी बसली, ती शेवटपर्यंत शब्द बोलली नाही. आमच्या गल्लीनं एवढी शांतता कधी पाहिली नसेल.

दार उघडलं. “आज्जी, पास!”

गजराबाईनं तिला मिठीच मारली. “बोलत न्हाय तर न्हाय, पोरी. मनानं चांगला असंल.”

“कोण?” दीपमाला म्हणाली.

मी सगळं सांगितलं. तोवर पोरीनं सर्टिफिकेट पाठवलं आणि साहेबांचं उत्तरही आलं: जागा तुझी. गजराबाईनं तिला कुंकू लावलं.

“आता आयुष्याची चिंता मिटली म्हणा की.”

“कुठली मावशी! तीन वर्षांची मुदत असते. परत परीक्षा दिली नाही तर सर्टिफिकेट संपलं.”

समोरच्या घरातून तिचा नवरा सिदू चहासाठी ओरडत होता. गजराबाईनं तिकडं बघितलं.

“अक्का, ही मुदत आपल्या लग्नाच्या टायमाला कुठं गेलती?”

इतका वेळ दाबून ठेवलेलं माझं हसू मग तेरणेच्या पलीकडं गेलं.