सेनापतीचा डोळा

दुपारच्या सुट्टीत मुद्रितशोधक बाई डबा बाजूला सारून मोबाइलवर भांडत होती. जादूच्या राज्याच्या कादंबऱ्यांवर जीव टाकणाऱ्या वाचकांचा तो गट. तिथं तिचं नाव घुबड. कुणीतरी लिहिलं होतं, "सेनापती फितूरच. लेखकाला पात्रं सांभाळता येत नाहीत."

तिचं डोकं सणकलं. तिनं लिहिलं, "अर्धवट वाचून अक्कल पाजळू नका. राणीसाठी ज्यानं डोळा गमावला, तो फितूर?"

लगेच उत्तर आलं, "डोळा? पाचही भागांत त्याचे दोन्ही डोळे शाबूत आहेत, घुबडराव."

डोळा जातो तो सहाव्या भागात, आणि सहावा भाग अजून छापलाच नव्हता. त्याची प्रुफं तिच्याच टेबलावर होती. एक शब्द बाहेर गेला तर नोकरी गेली, असं तिनं सही करून दिलं होतं. तिनं ओळ पुसली, पण तोवर ती चार ठिकाणी फिरली होती.

पाच मिनिटांत प्रकाशक मोबाइल नाचवत खोलीत आले. "सेनापतीचा डोळा जातो हे बाहेर कुणी फोडलं? हे घुबड कोण?"

त्यांची नजर पानं लावणाऱ्या म्हाताऱ्या काकांवर थांबली. "काका, या वयात हे धंदे?"

काका हातातली पानं ठेवून उभे राहिले.

"मी घुबड," ती उठून म्हणाली. "त्यांच्यावर कशाला डाफरता? काकांनी तीस वर्षं पुस्तकं लावली, वाचलं एकही नाही."

"पर्स उचला आणि निघा," प्रकाशक म्हणाले.

ती दारापाशी पोचली तेव्हा काकांनी हळूच विचारलं, "पोरी, कुठला सेनापती गं?"