पेन्सिलीनं लिहिलेलं वर्ष

“दादाचं आधी होऊ दे. तुझं वर्ष कुठं पळून जातंय?”

आईच्या त्या आवाजात जरब नव्हती. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता, चादरीचं एक टोक धाकटीच्या हाती देत ती बोलली होती. टोक धरलं की घडी घालावीच लागते. धाकटीनं ती गोष्टही तशीच घडी घालून पोटात ठेवली, कुणाला न सांगण्याचा आईला शब्द दिला. आई गेली, शब्द राहिला.

आता धाकटीचे केस पांढरे झाले होते आणि ती शाळेची मुख्याध्यापिका होती. त्याच इमारतीत वरच्या मजल्यांवर कॉलेज, आणि कॉलेजचा प्राचार्य दादा. दरवर्षी सुट्टी सरता सरता दोघं त्याच्या खोलीत बसून पुढचं वर्ष आखत. टेबलभर एकच कागद. कॉलेजच्या परीक्षा आधी, शाईनं. उरल्यासुरल्या फटींत शाळा, पेन्सिलीनं. का, तर खोडायला बरं. हा रिवाज कुणी पाडला ते कुणालाच आठवत नव्हतं. खोडरबर मात्र हेडक्लार्क न विसरता आणायचा आणि धाकटीच्याच बाजूला ठेवायचा.

“बाई, यंदा आमची परीक्षा महिनाभर अलीकडे घेतोय,” दादा म्हणाला. “नंतर परिषद आहे, बाहेरचे पाहुणे येणार. परीक्षेला खालचे वर्ग लागतील. सगळे.”

“तेव्हा माझ्या शेवटच्या वर्गाची उजळणी असते, सर. ही काय, लिहिलीय इथे.”

“व्हरांड्यात घ्या.”

“वरून तुमची पोरं धडधड जिना उतरणार, आणि माझी खाली बसून गणितं सोडवणार?”

“मग सुट्टी द्या. पोरं खूश होतील. तुमच्याच पोटात का दुखतंय?”

हेडक्लार्क खुदकन हसला. दादाला चेव आला. “आमच्या बाईंना सुट्टीचं तसं वावडं नाही हं. ऐन परीक्षेचं अख्खं वर्ष झोपून काढलंय त्यांनी.”

विनोद जुना होता. धाकटीच्या परीक्षेच्या साली दादा होस्टेलवर राहून शेवटची परीक्षा देत होता. तो घरी आला तेव्हा वडील, अण्णा, अंथरुणाला खिळलेले आणि धाकटी परीक्षेलाच न बसलेली. अभ्यास झाला नव्हता, एवढंच तिनं सांगितलं. तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत, स्नेहसंमेलनात, तिच्या सत्काराच्या व्यासपीठावरसुद्धा हा विनोद झाला होता. धाकटी दरवेळी हसायची. हसताना दातावर दात घट्ट बसायचे, इतकंच.

आजही तिनं मुकाट्यानं खोडरबर उचललं. उजळणीच्या पहिल्या अक्षरावर टेकवलंही.

दादा चहा ढवळत सहज म्हणाला, “लहान आहेत हो ती. त्यांचं वर्ष कुठं पळून जातंय?”

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेच शब्द, तोच सूर. कधीतरी आईच्या तोंडून ऐकले असतील त्यानं. कुणाच्या जिव्हारी लागले होते, ते त्याच्या गावीही नव्हतं.

“पळून जातं,” धाकटी म्हणाली. मग हेडक्लार्ककडे वळून, “तुम्ही जरा बाहेर बसा.”

दार लागलं. तिनं खोडरबर केराच्या टोपलीत टाकलं, दादाच्या पुढ्यातलं पेन ओढून घेतलं आणि पेन्सिलीच्या अक्षरांवरून शाई फिरवू लागली. कागद फाटेल इतका जोर.

“अगं, काय चाललंय तुझं?”

“खालचे वर्ग मिळणार नाहीत, दादा. एकसुद्धा.” तिचा आवाज चढला नव्हता. “आणि मी झोपले नव्हते. अण्णा तुझी परीक्षा संपल्यावर आजारी पडले असं आईनं तुला सांगितलं, ते खोटं. माझ्या पहिल्या पेपरच्या सकाळीच ते न्हाणीघरात कोसळले. तुझेही पेपर त्याच आठवड्यात होते. तुला कळवलं तर सगळं टाकून येशील, म्हणून आईनं मला घरी ठेवलं आणि माझं तोंड बंद केलं. तू पेपर लिहीत होतास तेव्हा मी त्यांना चमच्यानं पाणी पाजत होते, अर्धं उशीवर सांडत होतं. तो विनोद पुन्हा करायचा असेल ना, तर आधी दार उघड. त्या हेडक्लार्कलाही ऐकू दे हे.”