लाल फीत आणि ओटिसचं चुंबक

मी एक जुना पोलादी फळा आहे, मित्रांनो. शाळेतला नव्हे, माझ्यावर कुणी कधी बाराखडी गिरवली नाही. अमेरिकेतल्या टोलेडोच्या बास्केटबॉल संघाच्या कचेरीत, व्यवस्थापक वेंडेल कोझाक यांच्या मेजासमोर मी वीस वर्षं टांगलेला आहे. माझ्या अंगावर पंधरा खेळाडूंच्या पट्ट्या चुंबकांनी लावतात. पगार जितका मोठा, तितकी पट्टी रुंद. एकावर एक रचलेला हा थर माझ्यावर आडव्या चिकटवलेल्या लाल फितीच्या वर गेला, की लीग दंड घेते. त्याला ‘चैनीचा कर’ म्हणतात. चैन करणारा माणूस मात्र माझ्यासमोर अजून कुणी बसलेला नाही.

तरुणपणी माझं फार कौतुक झालं. पाहुणे माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढत. मग सगळं संगणकावर गेलं. करारांचा हिशेब ठेवणाऱ्या लॉरेनबाईंनी तरीही मला उतरवू दिलं नाही. “संगणकाला विचारावं लागतं, हा आपणहून दिसतो,” त्या म्हणाल्या. चुंबकं बदलायचं मात्र कचेरीत कुणालाच सुचलं नाही.

माझ्या कोपऱ्यात पिवळ्या चिठ्ठ्या असत. मिळण्याची शक्यता नाही असं ठरलेली बक्षिसं त्यांवर लिहीत आणि ती थरात धरत नसत. यंदा एकच होती. आमचा धिप्पाड कॅल्विन टेट हंगामभरात शंभरातले सत्तर फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता टाकायचे चेंडू, जाळीत टाकील, तर त्याला पाच लाख डॉलर. करार झाला त्या दिवशी वेंडेलसाहेब पोट धरून हसले होते. डिसेंबरात जुन्या चुंबकाची पकड सुटली आणि ती चिठ्ठी घसरून माझ्या पाठीमागे गेली. मला कळलं. पण फळ्याला तोंड कुठे असतं?

फेब्रुवारीत, खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, थर फितीच्या तीस लाख वर होता. मालकांचा फोन झाला: दंड भरणार नाही. वेंडेलसाहेबांनी पस्तिशीच्या ओटिस ब्रॅनमची तेहतीस लाखांची पट्टी काढली आणि दुसऱ्या संघाला फोन लावला.

“अहो, त्याच्या पोरीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे,” लॉरेनबाई म्हणाल्या. “जूनपर्यंत ठेवा, एवढंच मागितलं होतं त्यानं.”

“मग तू सांग, कुणाला काढू? मालकांना?”

बदल्यात कुणीही न घेता सौदा झाल्यावर ओटिस वर आला, तो सरावाच्या घामातच. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. चौदा पट्ट्या.

“लॉरेनबाई, फळ्यानंच सांगितलं म्हणायचं!” तो हसला. “बरं, त्या कॅल्विनला सांगा, गुडघे वाकव म्हणावं. रोज सकाळी दोनशे फ्री थ्रो. मी नाही म्हणून आळस नको.”

त्याचं चुंबक बाईंनी खणात ठेवलं.

कॅल्विननं आळस केला नाही. शेवटच्या सामन्यात त्याचे दोन्ही फ्री थ्रो जाळीत पडले, तेव्हा टीव्हीसमोर साहेबांनी टाळ्या वाजवल्या. “गाढव शिकलं की रे!” मीही टाळ्या वाजवल्या असत्या; हात नाहीत हे त्या वेळी बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी कॅल्विन पेढ्यांऐवजी डोनटचा खोका घेऊन आला.

“बाई, माझे पाच लाख कधी मिळतील? ओटिस म्हणायचा, सत्तर टक्के झाले की लगेच माग.”

बाईंचा हात डोनटवरच थांबला. साहेबांनी मला भिंतीपासून पुढे ओढलं. चिठ्ठी जमिनीवर पडली. तीन लाख खाली असलेला थर आता दोन लाख वर गेला होता. ओटिसला काढूनही दंड भरावा लागणारच होता. आणि ओटिस दोन हजार मैलांवर, पोरीपासून दूर, बाकावर बसून होता.

लॉरेनबाईंनी खणातून त्याचं चुंबक काढलं आणि त्यानंच ती चिठ्ठी माझ्यावर लावली. आता ती हलत नाही. ओटिसचं चुंबक नवं होतं. ते त्यानं स्वतःच्या पैशांनी आणलं होतं.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. माणूस काढण्याआधी, भिंतीवरच्या म्हाताऱ्याला एकदा पुढे ओढून बघत जा.