कुंकवाची खुंटी

सुलतान बाजारात अप्पारावांना ‘बॅटरीवाले’ म्हणत आणि ते त्यांना आवडे. कुणी मेकॅनिक म्हटलं की मात्र कपाळाला आठी पडे. तेलात कोपरापर्यंत हात घालणारी माणसं वेगळी, आपलं काम विजेचं, अशी त्यांची समजूत होती आणि ती त्यांनी कधी कुणापासून लपवली नाही. कापडाच्या दुकानांमागच्या बोळात त्यांची दहा फुटांची खोली होती. भिंतीला टेकून बॅटऱ्या ओळीने चार्जिंगला लावलेल्या असत. आत पाऊल टाकलं की ॲसिडचा वास नाकात झोंबे. अप्पारावांना स्वतःला तो वीस वर्षांत कधी आला नव्हता.

गिऱ्हाईक बहुतेक मराठी. निजामाच्या वेळेपासून सरकारी नोकरीत असलेली घरं, चारदोन वकील, एक प्रोफेसर. छप्पन सालच्या पावसाळ्यानंतर ही घरं एकेक करून हलायला लागली. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार होते. मराठी अंमलदारांनी मुंबई राज्याकडे जायचं, एक नोव्हेंबरच्या आत हजर व्हायचं, अशा ऑर्डरी सुटल्या होत्या. त्यांच्या जागी आंध्रच्या राजधानीतून, कर्नूलहून, तेलुगू साहेब लोक येणार होते. त्यांच्याही मोटारी असतील, त्यांच्याही बॅटऱ्या उतरतील, पण ते अप्पारावांना कशाला विचारतील? अंबरपेठेतल्या घरी तारामती रोज रात्रीच्या भाकरीबरोबर हा प्रश्न वाढायची. अप्पाराव भाकरी खात आणि प्रश्न ताटात ठेवत.

जाणाऱ्यांत शेवटचे होते हिम्मतराव. महसूल खात्यातले, हिमायतनगरात राहणारे, बारा वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांच्याकडे एक काळी मॉरिस होती आणि ती ते स्वतः चालवत. माणूस शिस्तीचा, पण गाडीच्या बाबतीत हूड. एकदा बीदरच्या वाटेवर त्यांचा फ्यूज उडाला. जवळ दुसरा नव्हता, म्हणून त्यांनी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद जळक्या फ्यूजवर गुंडाळला आणि गाडी तशीच दामटली. घरी पोचेपर्यंत आतली तार जळून काळी ठिक्कर. अप्पाराव त्या दिवशी साहेब-बिहेब विसरले. “फ्यूज जळतो तो तुम्हाला सांगायला जळतो साहेब, की आत काहीतरी बिघडलंय. तुम्ही त्याचं तोंडच बंद केलं!” हिम्मतरावांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. पडद्याआड पद्मावतीबाई खुदकन हसल्या होत्या, तेही अप्पारावांनी ऐकलं होतं.

पद्मावतीबाई म्हणजे हिम्मतरावांच्या पत्नी. अप्पाराव त्यांना वहिनी म्हणत. दरवर्षी खंडेनवमीला अप्पारावांनी हिमायतनगरात जायचं, बॅटरी बाहेर काढायची, खुंट्यांवरची हिरवी पूड सोड्याच्या गरम पाण्याने धुवायची, आत डिस्टिल वॉटर भरायचं आणि मग वहिनींनी पूजेचं ताट घेऊन यायचं, असा रिवाज होता. बॅटरीला दोन खुंट्या, एक अधिक, एक उणे. मॉरिसमध्ये अधिकाची तार गाडीच्या अंगाला, म्हणजे लोखंडी सांगाड्याला जोडायची. विलायती गाड्यांची ही तऱ्हा उलटी आणि भलेभले तिथे चकतात. म्हणून अप्पारावांनी एक युक्ती काढली होती. “वहिनी, कुंकू ह्या खुंटीला, हळद त्या.” मग परत जोडताना कुंकवाची खुंटी गाडीच्या अंगाला. एका ताटात पूजाही व्हायची आणि खूणही.

उस्तादाने अप्पारावांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं की बॅटरी उलटी लागली तर गाडी बोंब मारत नाही. ती सुरू होते, दिवे लागतात, भोंगा वाजतो. फक्त चालताना जी बॅटरी भरत राहायची ती भरत नाही, उलट रिकामी होत जाते. गाडी हसतहसत घरातून निघते आणि कुठल्या तरी माळावर मान टाकते.

त्या श्रावणात पद्मावतीबाई गेल्या. आठ दिवसांचा ताप, बस्स. घरात वर्षभर सण नाही, म्हणून यंदा खंडेनवमीही झाली नाही. हिम्मतरावांचा निरोप आला तो थेट निघायच्या आदल्या दिवशी. सामान लॉरीने पुढे गेलं होतं, ते स्वतः गाडीने औरंगाबाद गाठणार होते. लांबचा पल्ला, म्हणून अप्पारावांनी नव्या पत्र्यांची बॅटरी बांधून नेली. खुंट्या त्यांनी स्वतः शिसं वितळवून ओतल्या होत्या, दोन्ही एकाच मापाच्या, वरून बघून अधिक-उणे ओळखू येऊ नये अशा.

बॅटरी खाचेत बसवली आणि तेवढ्यात हिम्मतरावांनी आत बोलावलं. रिकाम्या दिवाणखान्यात एकच खुर्ची उरली होती. तिच्यावर अप्पारावांना बसवून, स्वतः उभं राहून, त्यांनी एक टाइप केलेलं पत्र काढलं. इंग्रजीत होतं. त्यांनी त्याचा अर्थ सांगितला: बारा वर्षं हा माणूस माझ्या गाडीचं विजेचं काम करतो आहे, या काळात त्याच्या हातून एकदाही चूक झालेली नाही, नव्या सरकारच्या मोटार विभागाने त्याला अवश्य काम द्यावं.

“कर्नूलवाल्यांना दाखवा,” हिम्मतराव म्हणाले. “माझी सही ओळखणारे दोघेचौघे तरी राहतील इथे.”

अप्पारावांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. ते बाहेर आले तेव्हा त्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं. तशाच डोळ्यांनी त्यांनी दोन्ही तारा आवळल्या, व्हॅसलीन फासलं आणि इंजिन सुरू झाल्याचं ऐकून बॉनेट पाडलं. काम झालं की बॅटरी भरतेय की उतरतेय ते दाखवणारा मीटरचा काटा बघायचा, हा त्यांचा नेम. त्या दिवशी तो राहून गेला.

संध्याकाळी तारामतीने धुण्याला टाकायला शर्ट घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, “हिमायतनगरास्नं आलात ना? यंदा बाहीला कुंकू नाही ते?”

दरवर्षी या कुंकवावरून ती कटकट करायची. डाग निघत नाही म्हणायची. अप्पारावांच्या हातातला चहा तसाच राहिला. कुंकू नव्हतं, खरंच नव्हतं. मग आपण अंगाची तार कुठल्या खुंटीला लावली? ते डोळे मिटून आठवायला लागले. बॅटरी खाचेत ठेवली, साहेबांनी हाक मारली, पत्र, आणि मग... पुढचं काही आठवेना. हात आठवत होते, खुंटी आठवत नव्हती.

सायकल काढून तेव्हाच जायला हवं होतं. अर्धा तास लागला असता. पण खिशात पत्र होतं आणि त्या पत्रात ‘एकदाही नाही’ असं लिहिलेलं होतं. बरोबरच लावली असेल, अप्पाराव स्वतःला म्हणाले. बारा वर्षांचा हात आहे, तो चुकत नसतो. हे त्यांनी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की त्यांचा त्याच्यावरचा विश्वास उडाला. पहाटे तारामती उठली तेव्हा ते हत्यारांची पिशवी सायकलला बांधत होते.

हिम्मतराव मागच्या सीटवर वळकटी ठेवत होते. “अरे, अप्पाराव! एवढ्या सकाळी?”

“निघायच्या आधी पाणी एकदा बघून घेतो साहेब. लांबचा रस्ता.”

हे वाक्य त्यांनी रस्ताभर घोकलं होतं. हिम्मतराव खूश झाले. “काल पंपापर्यंत नेली होती. झकास चालली. काटा तेवढा उलटा पडतोय असं वाटलं. म्हटलं, गाडी म्हातारी झाली.” एवढं बोलून ते कुलपं लावायला आत गेले.

अप्पारावांना आता बघायची गरजच नव्हती, तरी त्यांनी टोपण काढून आत डोकावलं. चॉकलेटी पत्रा अधिकाचा, राखाडी उण्याचा. अंगाची तार राखाडीच्या खुंटीवर होती. त्यांनी तारांची अदलाबदल केली. मग बॅटरीकडे वीज सोडणाऱ्या कटआउटचं झाकण उघडलं. आतले दोन्ही ठिपके जळून काळे पडले होते. पॉलिश पेपरने ते घासले, जनरेटरला तारेचा एक झटका देऊन त्याची दिशा सरळ केली, इंजिन सुरू केलं. काटा मुकाट्याने उजवीकडे गेला. सगळं मिळून पाऊण तास. कुणाला काही कळलं नव्हतं आणि आता कळायचं कारणही नव्हतं.

हिम्मतराव किल्ल्या घेऊन बाहेर आले. चालतं इंजिन, पुसलेले हात, बंद बॉनेट त्यांनी पाहिलं. “बोलावलं नसताना आलात. उगाच नाही लिहिलं मी, अप्पाराव. एकदाही चूक नाही.”

तोवर अप्पारावांचं गप्प राहायचं ठरलं होतं. पण ते तीन शब्द प्रत्यक्ष साहेबांच्या तोंडून आले आणि सहन होईनात. त्यांनी पत्र काढून पुढे धरलं. “हे घ्या साहेब. काल मी बॅटरी उलटी लावली होती. तुम्ही जहीराबादच्या पुढे कुठेतरी अंधारात अडकला असता.”

हिम्मतरावांनी पत्र घेतलं नाही. “कधी कळलं?”

“काल. संध्याकाळी.”

“मग संध्याकाळी का आला नाहीत?”

फायलीवर चुकीची नोंद सापडली की ते कारकुनाला याच आवाजात विचारत असावेत. अप्पारावांनी खाली पाहिलं. “पत्र खिशात होतं साहेब.”

इंजिन चालू होतं. “बारा वर्षांत नाही चुकलात,” हिम्मतराव शेवटी म्हणाले, “मग आत्ताच कसे?”

याचं उत्तर द्यायचं नाही असं अप्पारावांनी ठरवलं होतं. या माणसाला आणखी दुखवायचं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलंच. “कुंकू नव्हतं ना यंदा. वहिनी कुंकू लावायच्या, ती खुंटी अंगाची. मी त्या कुंकवाकडे बघून काम करत होतो साहेब. दरवर्षी. मला वाटायचं, मला येतं.”

हिम्मतरावांनी इंजिन बंद केलं. कोटाच्या आतल्या खिशात हात घालून त्यांनी चांदीचा छोटा करंडा काढला. अप्पारावांनी तो ओळखला, वहिनींच्या पूजेच्या ताटातला.

“सामान बांधताना हा कुठल्या पेटीत घालावा ते कळेना,” ते म्हणाले. “कुठेच नीट वाटेना. म्हणून खिशात ठेवला.” करंडा उघडायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. “बॉनेट उघडा. कुठली?”

“ही.”

बायकोच्या करंड्यात अंगठा बुडवून हिम्मतरावांनी खुंटीला कुंकू लावलं. नवऱ्याने हे करावं की करू नये, त्या वर्षात करावं की नाही, हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं आणि विचारायला घरात कुणी नव्हतं. अप्पाराव रडले. हिम्मतराव रडले नाहीत, पण करंडा बंद करायचं विसरून तसेच उभे राहिले.

मग त्यांनी पत्र मागून घेतलं. बॉनेटवर पसरून पेनने एक ओळ सरळ खोडली आणि वर बारीक अक्षरात दुसरी लिहिली. खाडाखोड केली की तिच्याशेजारी छोटी सही करायची, ही पस्तीस वर्षांच्या नोकरीची सवय. तीही त्यांनी केली.

“बारा वर्षांत एक चूक झाली, ती त्याने स्वतः येऊन सांगितली, असं लिहिलंय,” ते म्हणाले. “चांदीचा कागद नाही लावलात तुम्ही. मी लावला होता.” थोडं थांबून ते हसले. “रात्रभर लावला होतात म्हणा, पण सकाळी काढलात.”

गाडी नारायणगुड्याच्या बाजूला वळेपर्यंत अप्पाराव फाटकात उभे होते. काटा सरळ असणार, हे त्यांना इथूनच माहीत होतं. मग त्यांनी पत्र उघडून पाहिलं. त्या छोट्या सहीच्या शेजारी अंगठ्याचा लाल ठसा उमटला होता.

डिसेंबरात ते मोटार विभागात गेले. कर्नूलहून आलेल्या नव्या साहेबांनी पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, खोडलेली ओळ वाचली, वरची ओळ दोनदा वाचली. मग लाल ठशावर बोट ठेवून तेलुगूत विचारलं, हा शिक्का कुठल्या खात्याचा?

अप्पारावांचं तेलुगू बाजारापुरतं. “शिक्का नाही साहेब. कुंकुमा.”

“एवरिदि?” साहेबांनी विचारलं. कुणाचं?

गिऱ्हाइकाच्या बायकोचं, असं सांगायचं होतं. तेवढे शब्द त्यांच्याकडे होते. पण तोंडात आला तो दुसराच शब्द, शेजारच्या तेलुगू घरात रोज कानावर पडणारा, आणि एकदा आला म्हटल्यावर त्यांना तो बदलावासा वाटला नाही.

“मा वदिनदि,” अप्पाराव म्हणाले. आमच्या वहिनीचं.