कोरडा फडका

मोटारसायकल तिच्या वडिलांची. तिच्या नावावर होऊन चार वर्षं झाली होती. वडील जन्मभर इंजिन फिटर. गुडघे बोलायला लागल्यावर त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि आशीर्वाद द्यायच्या ऐवजी दम दिला.

"टाकीला कोरडा फडका लावलास तर याद राख. धुळीत वाळू असते. कोरडं पुसलं की चरे पडतात, आणि पडलेला चरा जात नाही."

"बाबा, गाडी देताय की दत्तक देताय?"

"दत्तकच समज. अधूनमधून बघायला येणार मी."

म्हणून दर रविवारी सकाळी ती खाली पार्किंगमध्ये बादली घेऊन बसायची. आधी नुसतं पाणी, मग साबणाचं, मग ओला मऊ फडका. चेन रॉकेलच्या ब्रशने घासायची, पुसायची, एकेका कडीवर थेंब थेंब तेल सोडायची. औषधांच्या कारखान्यात ती तपासनीस होती. गोळीवरचा टाचणीएवढा डाग हेरायचा तिला पगार मिळायचा. घरातही ती सवय सुटत नसे. नवरा तिला साहेब म्हणायचा. "साहेब, भांडी घासलीत, तपासून घ्या."

सोमवार ते शुक्रवार ती गाडीनेच कामावर जायची. शनिवारी मात्र गावाबाहेरच्या दुसऱ्या युनिटला जावं लागे, तिथे कंपनीची बस न्यायची. त्या दिवशी नवऱ्याला सुट्टी. तो, सासूबाई आणि साडेतीन वर्षांची लेक गुंडी असे तिघं घरी.

गाडीबद्दल घरात एकच नियम होता, आणि तो तिचा होता. गुंडी सहा महिन्यांची असताना एका वळणावर रेतीवरून तिची गाडी घसरली होती. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. पण पुढे टाकीवर कुणी बसलेलं असतं तर, हा विचार तिच्या डोक्यात जो शिरला तो निघेना. घरी येऊन तिने सांगून टाकलं, पाय फूटरेस्टला पोचेपर्यंत गुंडी गाडीवर बसणार नाही. एक फेरीसुद्धा नाही. नवऱ्याने झोपलेल्या गुंडीकडे बघत शब्द दिला होता. "तुझ्याइतकीच माझी आहे ती," म्हणाला होता.

त्या रविवारी बादली खाली ठेवून ती टाकीपुढे वाकली, आणि वाकलेलीच राहिली. तिरप्या उन्हात काळ्या रंगावर केसासारखे बारीक चरे दिसत होते. गोल गोल, एकात एक. कुणीतरी गाडी पुसली होती. कोरड्या फडक्याने.

तिला आधी बरंच वाटलं. नवऱ्याने हातभार लावला, अडाणीपणाने का होईना. मग तिने हँडलखाली बघितलं, जिथे फडका पोचत नाही. तिथे टाकीच्या कडेला दोन छोटे तेलकट पंजे उमटले होते. एक डावीकडे, एक उजवीकडे, बोटं पुढच्या बाजूला. जमिनीवर उभ्या असलेल्या मुलाचे हात असे उमटत नाहीत. असे हात टाकीवर बसून घट्ट धरल्यावरच उमटतात.

वर जाऊन तिने हात धुतले. नवरा पेपर वाचत होता.

"काल काय केलंत दिवसभर?"

"काय करणार? घरीच. चित्रं काढली, झोपलो." पेपरमागचा आवाज अगदी सरळ होता, कुठे अडखळला नाही. त्याचंच तिला जास्त लागलं.

गुंडीचे केस विंचरताना तिने हळूच विचारलं, "काल कुठे गेला होतात गं?"

गुंडीने आरशातून तिच्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"अगं, तळ्यापर्यंत तर नेतो," सासूबाई दारातून म्हणाल्या. त्यांनी ऐकलं होतं. "सायकलच्या वेगाने. पोर किती खूश असते. तुला सांगितलं की तू जिवाला लावून घेतेस, म्हणून नाही सांगितलं. माझ्यासमोरच निघतात."

"किती शनिवार झाले, आई?"

सासूबाईंनी पदराशी चाळा केला. "मी काय मोजत बसले का?"

ती त्या दिवशी भांडली नाही. भांडण तिला जमत नसे, तिचा आवाज रडका व्हायचा. नवऱ्याने आपण होऊन सांगावं, एवढीच तिची इच्छा होती. सासूबाईंनी त्याला सांगितलं असेल, नसेल. आठवडाभर तिने वाट बघितली. तो रोजच्यासारखाच थट्टा करत होता.

शनिवारी सकाळी बसच्या आधी ती खाली गेली. वडिलांनी दिलेल्या प्लगपान्याने तिने गाडीचा स्पार्क प्लग काढला, वरची टोपी पूर्ववत अडकवली आणि प्लग रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. आता गाडी हलणार नव्हती. त्याला विचारावं लागेल, आणि विचारायचं म्हणजे कबूल करावं लागेल. तिने त्याच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं, असं तिला बसमध्ये वाटत राहिलं.

दिवसभर फोन वाजला नाही. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा गुंडी जमिनीवर रंग पसरून बसली होती.

"कसा गेला दिवस?"

"घरीच होतो," नवरा म्हणाला आणि हसला. "साहेब, तपासून घ्या."

तीही हसली. किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं. गाडी सुरू झाली नसणार, तो निमूट वर आला असणार. सांगायला लाजत असेल. चालेल, तिने मनाशी म्हटलं, तेवढं आपण सोडून देऊ.

रविवारी प्लग परत बसवायला ती खाली गेली. टोपी काढली. आत प्लग होता.

नवाकोरा, पांढराशुभ्र. पाना लावायची गरजच पडली नाही. नुसत्या बोटांनी फिरवलेला, अर्धवट घट्ट, चार दिवसांत सुटून उडाला असता असा. टोकावर ताजी काजळी होती, म्हणजे गाडी चालली होती. घरात प्लगपाना एकाच माणसाकडे होता. प्लग आपोआप निघून जात नाही, हे त्यालाही कळलं असणार. कुणी काढला हे कळलं असणार, का काढला हेही. ते सगळं समजून तो दुकानात गेला, नवा घेऊन आला, हाताने बसवला, त्या गाडीवर तिच्या मुलीला बसवून तळ्यापर्यंत गेला, आणि संध्याकाळी तिच्या डोळ्यांत बघून हसला.

ती वर आली. नवरा गुंडीला दूधपाव भरवत होता. तिने दोन्ही प्लग त्याच्यासमोर टेबलावर ठेवले, जुना काळपट आणि नवा पांढरा.

त्याने बघितलं. "मी सांगणारच होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"तू अशी होतेस ना, म्हणून कुणी सांगत नाही तुला काही."

"कशी होते?"

त्याने पावाचा पुढचा तुकडा दुधात बुडवला. सासूबाई ओट्याशी पाठ करून उभ्या राहिल्या. तिने गुंडीपुढे गुडघे टेकले.

"गुंडी, आईपासून काही लपवायचं नाही. कुणीही सांगितलं तरी. कळलं?"

गुंडीने दुधाचा ओठ पुसला. उत्तर देण्याआधी तिने बाबांकडे बघितलं, हो म्हणू की नको, असं विचारत.

ते बघितल्यावर तिला काही ऐकायचं राहिलं नाही. तिने वडिलांना फोन लावला. "बाबा, शनिवारी गुंडी तुमच्याकडे राहील. दर शनिवारी." पलीकडून त्यांनी कारण विचारलं नाही, फक्त किती वाजता एवढंच विचारलं.

"मग आता गाडी विकणार का?" नवऱ्याने मागून विचारलं. बहुधा थट्टा करायचा त्याचा विचार होता, पण ती जमली नाही.

"गाडीने काय केलंय?"

ती बादली घेऊन खाली गेली. जुना प्लग बसवला, बोटांनी आणि मग पान्याने, वडिलांनी शिकवलं होतं तसा. छोटे पंजे तिने ओल्या फडक्याने पुसले, ते लगेच गेले. चरे मात्र तसेच होते. ऊन तिरपं असेपर्यंत ती त्यांच्याकडे बघत बसली.