मारवेलचा वास

बिभीषणअण्णांनी गवताच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि तो तिथंच थिजला. वरून खडखडीत वाळलेलं मारवेल आतून गरम लागत होतं, ताप भरलेल्या अंगासारखं. त्यांनी मूठभर उपसून उजेडात धरलं. पात्यांवर पांढुरकी बुरशी धरली होती. सवयीनं त्यांनी मूठ नाकाशी नेली, डोळे मिटले. काही नाही. नुसती हवा आत गेली आणि बाहेर आली.

शेडच्या दारातून हरणाबाई डोकावल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.

"अवो, काय कुजलंय का हितं? भिजल्या गोणपाटावानी वास यायलाय."

"न्हाय गं. जुनं काढायलोय," म्हणत अण्णांनी मूठ पाठीमागं नेली. घरात पिंजऱ्यातला बत्तासा सकाळपासून कोपऱ्यात अंग फुगवून बसला होता, गवताला तोंड लावत नव्हता.

बत्तासा आणि खारीक, ही गिनीपिगांची जोडी सून निकितासोबत लातूरहून बेंबळीला आली होती. लोकांच्या सुना रुखवतात पितळी भांडी आणतात, आमच्या सुनंनं बिनशेपटीचे उंदीर आणले, असं हरणाबाई आल्यागेल्याला सांगायच्या, आणि गाजराचं देठ मात्र न विसरता बाजूला ठेवायच्या. निकितानं पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं, की ह्या जिवांचं सगळं गवतावर चालतं. दिवसभर चघळत राहिले तर जगतात. एक दिवस खाणं थांबलं तर आतडी थांबतात, मग फार वेळ नसतो.

"चाऱ्याचं माझ्याकडं लागलं," अण्णा तेव्हा छाती पुढं काढून म्हणाले होते. कडब्याचं ताट जाड, ते नको. कुसळी गवत तोंडात रुतंल, तेही नको. बांधावरचं मऊ मारवेल त्यांनी फुलोऱ्यावर यायच्या आत कापलं आणि हिरवा रंग टिकावा म्हणून सावलीत वाळवलं. फळ्यांवर रचा, खालून वरून वारा लागू द्या, असं निकिता सांगत होती. पण मध्येच दोन दिवस अवकाळी पाऊस आला आणि अण्णांनी घाईनं ताडपत्री ओढून चारी बाजूंनी दगड ठेवले. उघडीप पडली तरी ती काढायची राहिली. काल त्यांनी वरची पेंढी नाकाला लावून "एक नंबर" म्हटलं होतं. तिच्याच खालचं गवत पिंजऱ्यात गेलं होतं.

कोरोनाच्या तापातून अण्णा उठले, तेव्हा सगळं परत आलं, वास तेवढा आला नाही. कीर्तनाला बुवांच्या मागं टाळ घेऊन उभे असताना कुणीतरी त्यांच्या कपाळाला बुक्का लावला. त्या सुगंधानं ज्यांचा गळा दरवेळी भरून यायचा, त्या अण्णांना बोटाचा गार स्पर्श तेवढा कळला. त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही. सांगणार कसं? गावात कडब्याची गाडी आली, की अण्णांनी पेंढी हुंगल्याशिवाय कुणी भाव विचारत नव्हतं. ते हुंगत राहिले. बोटांनी ताट दाबून, रंग बघून मान डोलवत राहिले. निभत होतं. गेल्या महिन्यात त्यांनीच चांगला म्हटलेला कडबा खाऊन शांतलिंगची म्हैस गाभडली, पोटातलं रेडकू गेलं, तेव्हा म्हैसच वयस्क होती म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली होती. आज ती म्हैस पुन्हा डोळ्यांपुढं येऊन उभी राहिली.

ते घरात आले. खारीक गवत सोडून गाजराचं देठ चघळत होती; त्यांनी बत्तासाला उचललं. टाळ धरून घट्टे पडलेल्या तळहातावर एवढंसं काळीज धडधडत होतं. निकिता चौकातल्या मेडिकलवर कामाला होती. त्यांनी फोन लावला, पण बुरशीचं काही जिभेवर येईना. बत्तासा खाईना, ये, एवढंच बोलले.

ती दहा मिनिटांत आली. लातूरच्या डॉक्टरांना फोनवर विचारून तिनं खाद्य कोमट पाण्यात कालवलं आणि बिनसुईच्या सिरिंजनं थेंब थेंब तोंडात सोडू लागली. अण्णा त्याला धरून रामकृष्णहरी पुटपुटत होते. जन्मभर ताल न चुकलेला माणूस, पण आज नामसुद्धा अडखळत होतं. थोडा घोट गेल्यावर निकिता उठली, शेडमध्ये जाऊन आली आणि मूठभर गवत घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मामा, काल वास घेतला होता ना तुम्ही?"

"घेतला व्हता."

तिनं मुठीतलं गवत खाली टाकलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्या दिवशी दूध करपलं, तेव्हा तुम्ही गॅसपाशीच बसला होता."

अण्णांनी मान वर केली नाही. आतून हरणाबाईंनी विचारलं, काय झालं गं?

"काही नाही, आत्या. ताडपत्री टाका म्हणून मीच सांगितलं होतं. माझंच चुकलं."

सासूची बोलणी उद्यापासून ही पोर ऐकणार होती, आणि अण्णांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

रात्रभर दर दोन तासांनी सिरिंज चालू राहिली. सकाळी निकितानं हरळीचं ताजं पातं पुढं धरलं. बत्तासानं आधी नुसतं नाक हलवलं, मग पात्याचं टोक ओढलं. कुरकुर ऐकू आली. "खाल्लं मेल्यानं," म्हणत हरणाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

तेवढ्यात अंगणात शांतलिंग आला, हातात कडब्याची पेंढी घेऊन. चौकात गाडी थांबलीय, बघून सांगा म्हणाला. अण्णांनी पेंढी घेतली, नाकाशी नेली, डोळे मिटले. मग तशीच खाली आणली.

"निकिता, जरा हिकडं ये, पोरी."

ती हात पुसत आली. त्यांनी पेंढी तिच्यापुढं धरली. तिनं सासऱ्यांकडं एकदा बघितलं, वाकून वास घेतला आणि हळूच म्हणाली, "चांगला आहे, मामा."

शांतलिंग हसला. "काय अण्णा, सुनंला तालीम द्यायलाव व्हय?"

अण्णा हसले नाहीत. त्यांनी बाजेवरचं गोणपाट झटकून त्याच्यासाठी जागा केली.

"बस, शांतलिंग. तुझ्या म्हशीचं सांगायचंय."